कपड्यांच्या लवेची भिंत

"आज विरळ आहे. दुपारनंतर उघडेल."

असं म्हणून सर तळहातावरच्या करड्या पुंजक्यावर हलकेच फुंकर घालायचे, तो कसा हलतो ते बघायचे, आणि मांजराचं पिल्लू ठेवावं तसा तो पिशवीत ठेवायचे. पुंजका कसला, तर ड्रायरच्या जाळीवर कपड्यांची जी लव साचते, तिचा. तुम्ही-आम्ही ती चिमटीत धरून, नाक मुरडून केरात टाकतो. सर तिला ढग म्हणायचे. कल्याणच्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवल्याचा परिणाम असावा. जीन्सची लव निघाली की म्हणायचे, "आज भरून आलंय." पांढऱ्या चादरींची निघाली की नुसतेच बघत राहायचे.

आता हा ड्रायर कुठला, ते सांगायला हवं. आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेची. म्हणजे पाणी सकाळी, आणि तेही त्याच्या मर्जीने. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. घरभर दोऱ्या बांधून आपण ओल्या लेंग्यांखालून वाकून फिरत असतो. शीळफाट्याकडचं एक हॉटेल बंद झालं, तेव्हा त्यांचं भलंमोठं वॉशिंग मशीन आणि त्याहून मोठा ड्रायर सोसायटीने जुन्यात उचलला. हॉलशेजारी एक खोली होती, तिच्यात गणपतीच्या मखराचं सामान असायचं. ते माळ्यावर गेलं आणि तिथे ही दोन धुडं बसली. पाळीपाळीने सगळ्यांनी वापरायची. खोलीला सगळे 'लॉन्ड्री' म्हणू लागले, आणि किल्ली सरांकडे राहिली, कारण तळमजल्यावर खोलीला लागूनच त्यांचं घर.

मी तिथे रोज कसा, हेही सांगून टाकतो. नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली, तेव्हा मी घरात जाहीर केलेलं की आता पुस्तक लिहिणार. बायको म्हणाली, "लिहा की. जाता जाता ही बादली तेवढी खाली न्या." पुस्तक राहिलं. बादली रोज जाते. सरांना हे कळल्यापासून ते मला 'लेखकमहाशय' म्हणायला लागले, आणि मी ते खरं मानून थोडा ताठ बसायला लागलो.

ताठ फार वेळ बसता मात्र यायचं नाही. त्या खोलीला वर एक झरोका आहे. अकराच्या सुमाराला त्यातून उन्हाची एक तिरीप आत येते आणि तिच्यात ती लव तरंगत असते, खाली येईन येईन म्हणते आणि येत नाही. ड्रायर घुर्र घुर्र फिरत असतो. साबणाचा, गरम सुती कापडाचा वास. मधूनच एखादं बटण आत टण्ण करून आपटतं. बाकावर बसलेला माणूस कपडे वाळवायला आलाय की कपड्यांबरोबर आपणच आत फिरतोय, हे त्याचं त्याला कळेनासं होतं. मी तर मान टाकून झोपायचो. बायका माझ्या डोक्यावरून गप्पा मारायच्या, आणि साठेवहिनींचा आवाज त्या सगळ्यांच्या वर असायचा. वहिनी तिसऱ्या मजल्यावरच्या. त्यांच्यापुढे मशीन लाजतं.

पण भिंतीपलीकडे एक माणूस जागं असायचं.

सरांची सून वैशाली ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स. पाळी बहुतेक रात्रीची. मुलगा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सरांची बायको जाऊन काही वर्षं झालेली. म्हणजे घरात ही दोघंच: ती सकाळी दमून घरी यायची, सर चहा ठेवायचे, आणि ती झोपायला जायची त्याच वेळी भिंतीपलीकडे आमची लॉन्ड्री सुरू व्हायची. पाणीच त्या वेळचं, तर लॉन्ड्री दुसऱ्या वेळी कशी चालणार?

ती कधी काही बोलली नाही. आपल्याकडे सुना बोलत नाहीत आणि मग एकदम बोलतात. एके दिवशी ती दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"बाबा, काल वॉर्डात हातातून ट्रे सुटला," ती म्हणाली. "कुणाला लागलं नाही. पण उद्या सुई असेल हातात. मैत्रिणींनी शीळफाट्याला फ्लॅट घेतलाय भाड्याने. एक खोली रिकामी आहे."

सरांच्या हातात तेव्हा कुणाच्या तरी टॉवेलांचा ढग होता. ते म्हणाले, "बघून ये. हवेशीर आहे का बघ."

एवढंच. जाऊ नकोस म्हणाले नाहीत. मी बाकावर झोपेचं सोंग घेऊन होतो. ती गेल्यावर सर बराच वेळ मशीनकडे पाहत उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस लाथ घालणार त्याला. तर ते म्हणाले, "लेखकमहाशय, जागे आहात ना? ह्या भिंतीला गोधडी शिवता येईल का हो?"

गोष्ट मीटिंगमध्ये गेली. सेक्रेटरींनी सरळ सांगितलं, "सर, तुमच्या घरची अडचण म्हणजे आमची अडचण. लॉन्ड्री बंद करू." हे म्हणताना त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, की आमच्यातले चार-पाच जण चटकन खाली मान घालून बसले. त्यात मी होतो. बादली पुन्हा बाथरूमच्या दोरीखाली जाणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं.

सरच म्हणाले, "बंद नको. सगळ्यांचं आहे ते. मला फक्त तुमची लव द्या. आणि साडीला खळ घातल्यावर बादलीत जी उरते ना, ती ओतू नका. तीही द्या. दिवाळीपर्यंत बघतो. नाही जमलं तर ती जाईल शीळफाट्याला."

"आणि तुम्ही?" साठेवहिनींनी विचारलं.

"मी कुठे जाणार? किल्ली माझ्याकडे आहे," सर म्हणाले. सगळे हसले. ते हसले नाहीत.

तर अशी सुरुवात झाली. लव पाण्यात भिजवायची, खळीत कालवायची, लाकडी चौकटीत ओतून थापायची, आणि गच्चीत वाळवायची. ह्या जाड, मऊ तक्त्यांचं अस्तर सुनेच्या खोलीच्या भिंतीला लावायचं, म्हणजे आवाज अडेल, असा एकूण बेत. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात पहिल्या खेपेचा तक्ता आठवड्यात कुजला आणि असा वास सुटला, की एमआयडीसीवर आळ आला. दुसरा वाळून तडकला. तिसरा झुरळांनी मेजवानी म्हणून संपवला. सर प्रत्येक वेळी म्हणायचे, "हं. कळलं." काय कळलं ते सांगायचे नाहीत, मला वाटतं त्यांनाही कळलेलं नसायचं.

चौथ्या खेपेच्या वेळी एक घटना घडली, जी आमच्या घरात अजून पाहुण्यांना सांगितली जाते. गच्चीत एका बाजूला सरांचे पातळ नमुन्याचे तुकडे वाळत होते आणि शेजारीच बायकोच्या सालपापड्या. मी कावळे हाकलायला बसलेलो. कावळे हाकलणाऱ्याने मजुरी म्हणून एखादी सालपापडी मोडून तोंडात टाकायची, हा आमच्या घराण्याचा नियम. टाकली. चावतोय, चावतोय, तुटेना.

तेवढ्यात सर वर आले. माझ्याकडे बघितलं, तुकडे मोजल्यासारखे पाहिले, आणि विचारलं, "मऊ पडलाय का?"

"काय?"

"तुकडा. तोंडातला. म्हणजे ओल धरतोय का ते कळेल."

मी सबंध सोसायटीचे कपडे चावत होतो. बायको मागून म्हणाली, "अहो, थुंका! त्यात माझा गाऊनही आहे!"

सर मात्र गंभीर. "चव कशाची लागली?"

"खळीची," मी म्हटलं.

"फार होतेय खळ," ते म्हणाले, आणि त्यानंतरचे तक्ते खरोखर चांगले झाले. ह्या कामात माझा वाटा काय, असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो.

झुरळांवर उपाय म्हणून त्यांनी खळीत टाकणखार मिसळायला सुरुवात केली, आणि तोच उपाय सेक्रेटरींच्या प्रश्नालाही लागू पडला. ते खिशात काडेपेटी घेऊनच आलेले. "सर, सगळं ठीक आहे हो, पण हा शेवटी कापूस. घरात पोरगी झोपलेली असणार. पेटलं म्हणजे?" सरांनी एक तुकडा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "लावा." सेक्रेटरींनी अंगणाच्या मधोमध उभं राहून काडी लावली. आम्ही सगळे दोन पावलं मागे. तुकडा काळवंडला, धुमसला आणि विझला. सेक्रेटरींनी आणखी तीन काड्या वाया घालवल्या. मग हात पुसत म्हणाले, "तरी पण बोर्डापासून लांब लावा." ते सरांनी ऐकलं.

एकदा मला राहवलं नाही. लव जमायला वेळ लागत होता, वैशाली शीळफाट्याची खोली बघून आलेली, तिथे हवा छान होती, आणि दिवाळी जवळ येत होती. मी म्हटलं, "सर, विठ्ठलवाडीला गादीवाला आहे ओळखीचा. गाठोडंभर कापूस आणू या की. एका रविवारात भिंत होईल."

ते चौकटीत लव थापत होते. हात न थांबवता म्हणाले, "होईल. आवाजही अडेल. पण तिचा मशीनवरचा राग राहील ना."

"राग कुठे आहे तिचा?"

"असणार. माझासुद्धा होता दोन दिवस." मग जरा थांबून म्हणाले, "तिला ह्या सगळ्यांत राहायचंय हो. माझ्यानंतरही. भिंतीत ह्यांचेच कपडे असले तर बरं."

तेव्हापासून मी घरी जरा जास्तच कपडे धुवायला काढू लागलो. बायकोला वाटलं, मला वेड लागलं.

हळूहळू तक्ते रचले जाऊ लागले. ते करडे असतील असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलेलं. पण एका दिवसाची लव दुसऱ्या दिवसासारखी नसते. एका तक्त्यात शाळेच्या गणवेशाचा निळा, त्याखाली कुणाच्या तरी पडद्यांचा शेवाळी पट्टा, मधे साठेवहिनींच्या चादरीची पिवळी रेघ. सर तो तक्ता उन्हात उभा धरायचे आणि आम्ही मुलांसारखे भोवती जमायचो. "हा आमचा!" "हट्, आमचा टॉवेल आहे तो!" सेक्रेटरीसुद्धा येऊन एकदा हळूच विचारून गेले, की त्यांचा तपकिरी सफारी दिसतोय का कुठे. सर म्हणाले, "टेरिकॉट आहे तो. टेरिकॉट काही देत नाही." सेक्रेटरी खट्टू झाले. पुढच्या आठवड्यात सुती लेंगे घेऊन आले.

शेवटची, उशाशी येणारी ओळ सरांना पांढरी हवी होती. तिथे डोळ्यांना काही दिसू नये, असं त्यांच्या मनात. त्यासाठी त्यांनी चादरींची लव वेगळी राखली होती आणि थोडी कमी पडत होती. आणि नेमकं विसर्जन आलं.

आम्ही सगळे खाडीवर गेलेलो. नाचलो. परत आलो ते नखशिखांत गुलालात. गुलालाचे कपडे आधी घरी झटकावेत, एकदा पाण्यातून काढावेत, मग खाली न्यावेत, एवढी अक्कल एकाला जरी असती! पण प्रत्येकाला वाटलं, आपल्या एकट्याच्या कपड्यांनी काय होतंय. दुसऱ्या दिवशी मशीन गुलाबी, पाणी गुलाबी, पिंप गुलाबी, आणि त्यातच कुणीतरी टाकलेल्या चादरी गुलाबी. जाळीवरून जे निघालं तेही गुलाबी.

साठेवहिनींचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा मशीनच्या खाली गेला. "सर, चुकलं हो आमचं. टाकून देऊ का?"

सरांनी तो ढग हातात घेतला. फुंकर घातली नाही. नुसता धरून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही, थकलेले वाटले. मग म्हणाले, "नको. वेळ नाहीये आता. हाच लावू."

भिंत दिवाळीच्या आधी झाली. सुताराने पट्ट्या ठोकल्या, तक्ते त्यांत बसवले, कडेच्या फटींत उरलेली लव दाबली. मग चाचणी. सर आत, वैशालीच्या पलंगावर डोळे मिटून बसले. आम्ही लॉन्ड्रीत. मशीन आणि ड्रायर दोन्ही सुरू. सरांनी बजावलेलं, "नेहमीसारखं बोलत राहा."

आता तुम्हीच सांगा, बोला म्हटल्यावर कुणाला बोलता येतं? ज्या खोलीत दोन शब्दांत फट पडायची नाही, तिथे सगळ्या जणी एकमेकींकडे बघतायत.

"वहिनी, बोला की!" मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीही. रोज काय बोलता?"

"रोज मी बोलते कुठे? ह्याच बोलतात." असं म्हणून वहिनींनी घसा खाकरला आणि अनारशांची कृती सांगायला घेतली, खड्या आवाजात, तांदूळ भिजत घालण्यापासून. जाळी पडेपर्यंत पोचल्या तेव्हा सर दारात आले.

"काय ऐकू आलं?" आम्ही सगळे एकदम.

"मशीन येतंय," सर म्हणाले. "लांबून. दोन गल्ल्या सोडून कुठेतरी गिरणी चाललीय, असं. वहिनी, तुम्ही मात्र नाही आलात."

"अगंबाई! म्हणजे मी एवढं बोलले ते सगळं फुकट?"

सर हसले. तसे मोठ्याने हसताना मी त्यांना एकदाच पाहिलं.

त्या आठवड्यात वैशाली दुपारी तीनपर्यंत झोपली. शीळफाट्याचं कुणी पुन्हा काढलं नाही. आम्ही तिच्या झोपेचा इतका धसका घेतलेला, की भिंत झाल्यावरही सगळे हळूच बोलू लागले. कपड्यांच्या खिशातली नाणी काढून मगच टाकायचे. त्यामुळे भिंतीने किती काम केलं आणि आम्ही किती, ते नक्की सांगता येणार नाही. एकदा ती मशीनशी उभी असताना मी विचारलं, तो गुलाबी रंग डोळ्यांवर येतो का. ती म्हणाली, "नाही काका. ड्युटीवरून येते तेव्हा बाहेर लख्ख उजाडलेलं असतं. खोलीत गेलं की वाटतं, अजून उजाडतंय. घाई नाही."

पुढे तीन पावसाळे गेले. सर पिशवी घेऊन जाळीपाशी उभे राहत राहिले. भिंत झाली तरी लव येतच होती. ती ते आता रोपांच्या बुडाशी घालायला वाटायचे, कुणाच्या कपाटाच्या तळाला मऊ तक्ता कापून द्यायचे. आमच्याकडे एक आहे, माझ्या टेबलाखाली. पाय गरम राहतात. पुस्तक अजून नाही.

ह्या थंडीत सर गेले. सकाळी वैशालीच घरी आली आणि तिलाच दिसलं. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. चहाचं भांडं आदल्या रात्रीच धुऊन पालथं घातलेलं होतं.

मुलगा आला. दिवस झाले. सोसायटीने लॉन्ड्री बंद ठेवली. कुणाला सांगावं लागलं नाही, सेक्रेटरींनी नुसतं दार ओढून घेतलं. तेरावं झालं, मुलाला पुन्हा जहाजावर जावं लागलं, तरी दार तसंच राहिलं. पहिली बादली कुणी न्यायची, हा प्रश्न होता. प्रत्येकाने घरात दोऱ्या बांधल्या. ओल्या चादरींखालून वाकून चालताना कुणी तक्रार केली नाही.

वैशाली पुन्हा रात्रपाळीला जाऊ लागली, त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या सकाळची गोष्ट. मी खाली अंगणात पेपर वाचत बसलेलो. साठेवहिनी भाजी निवडत होत्या. सगळं शांत. तिचं दार उघडलं आणि ती बाहेर आली. केस सुटलेले, डोळे लाल.

"काका, मशीन बंद का आहे?"

"अगं... सर गेले ना. आणि तुलाही जरा शांतता..."

"मला झोप येत नाहीये," ती म्हणाली. "दोन दिवस झाले. पडून राहते आणि भिंतीकडे कान जातो. लावा ना कुणीतरी."

किल्ली तिच्याच मुठीत होती. तिने ती माझ्यापुढे धरली.

मी वर गेलो. धुवायला काही नव्हतं; बायकोने पहाटेच सगळं हाताने उरकून दोरीवर टाकलेलं. मी दारात उभा राहून सांगितलं काय झालं ते. बायको सरळ कपाटाशी गेली आणि घडी घातलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांची अख्खी चळत माझ्या हातांवर ठेवली.

"हे धुतलेले आहेत गं."

"माहितीये. न्या."

खाली येईपर्यंत साठेवहिनी आत जाऊन बसलेल्या. आणखी दोघी-तिघी आल्या. त्यांच्याही हातात धुतलेलेच कपडे असावेत, घड्या दिसत होत्या. मी सगळे मशीनमध्ये कोंबले, पाणी सोडलं, बटण दाबलं. मशीन एकदा खोकल्यासारखं झालं आणि फिरू लागलं. आम्ही सगळे भिंतीकडे बघत बसलो.

पलीकडे दाराची कडी लागली. मग पंखा सुरू झाला. मग पलंग जरासा करकरला, निदान तसं वाटलं. मग काही नाही.